हिंजवडीच्या रस्त्यावरचे तास

पुण्याच्या पश्चिमेला, मुंबई-बेंगळुरू महामार्गाच्या पलीकडे, मुळशी तालुक्यातल्या शेतजमिनींवर नव्वदच्या दशकाच्या अखेरीला एमआयडीसीने राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसवायला घेतला. आज तिथे इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट, टेक महिंद्रा यांच्यासह शेकडो लहानमोठ्या कंपन्या आहेत. रोज काही लाख माणसे तिथे जातात आणि परत येतात. या जाण्यायेण्याबद्दल, तिथल्या नोकऱ्यांबद्दल आणि कंपन्यांबद्दल पुण्यात गेली काही वर्षे सतत वाद चालू आहे. कंपन्या म्हणतात, माणसे ऑफिसात हवीत. कर्मचारी म्हणतात, रस्ता नीट करा, नाहीतर घरून काम करू द्या. सरकार म्हणते, गुंतवणूक जाता कामा नये. गावकरी म्हणतात, आमच्या जमिनी गेल्या, आता घरेही रुंदीकरणात जाणार. कामाच्या वेळेचे, कामगार कायद्याचे आणि शहराच्या रस्त्यांचे प्रश्न आपण वेगवेगळ्या खात्यांत टाकून मोकळे होतो. मला ते एकच वाटतात, कारण सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: घरापासून कामाच्या टेबलापर्यंत जाणारा वेळ. तो कंपनीच्या हिशेबात नाही, कायद्याच्या हिशेबात जवळजवळ नाही, आणि ज्यांनी रस्ते बांधायचे त्यांच्याही हिशेबात नाही. तो सगळाच्या सगळा नोकरदाराच्या आयुष्यातून वजा होतो.

सकाळी पावणेनऊला वाकडच्या पुलाजवळ उभे राहिले की हे डोळ्यांना दिसते. कंपन्यांच्या बसगाड्या, पीएमपीच्या बस, सिमेंटचे मिक्सर, आणि उरलेल्या प्रत्येक फटीत दुचाक्या. खिडकीशी बसलेल्या एखाद्या मुलीच्या मांडीवर लॅपटॉप उघडा असतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर साडेआठचा स्टँडअप कॉल चालू असतो. तिचे नाव पुकारले की ती म्यूट काढते, दोन वाक्यांत काल काय केले आणि आज काय करणार ते सांगते, पुन्हा म्यूट करते. बस तेवढ्या वेळात शिवाजी चौकाच्या दिशेने जेमतेम थोडी सरकलेली असते. तिचे काम सुरू झाले आहे, हजेरी मात्र लागलेली नाही. ती कार्ड स्वाइप केल्यावर लागते. संध्याकाळी स्वाइप आउट झाले की कंपनीच्या लेखी दिवस संपतो आणि तिचा उलटा प्रवास सुरू होतो. टॉमटॉम या नकाशे बनवणाऱ्या कंपनीच्या २०२४ च्या निर्देशांकात पुणे जगातल्या सर्वांत संथ शहरांमध्ये चौथे होते. १० किलोमीटर कापायला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद. हिंजवडीला रोज जाणाऱ्यांना ही सरासरी फारच उदार वाटेल.

करोनाच्या काळात हा सगळा वेळ एका झटक्यात वाचला होता. त्या काळाकडे आपण केवळ नाइलाज म्हणून पाहतो, पण नियमनाच्या अंगाने तो फार महत्त्वाचा होता. त्याआधी बीपीओ कंपन्यांना दूरसंचार खात्याच्या नोंदणीच्या अटी असत आणि घरून काम करणे जवळजवळ अशक्य होते. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने त्या अटी सैल केल्या. विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या कंपन्यांसाठी जुलै २०२२ मध्ये घरून कामाचा स्वतंत्र नियम आला. म्हणजे माणसाने कुठे बसून काम करावे हा विषय केवळ मॅनेजरच्या मर्जीचा नव्हता, सरकारची त्यात आधीपासून भूमिका होती. सरकारने मनावर घेतले तेव्हा ती बदलली.

नंतर कंपन्यांनी माणसे परत बोलावली. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस सक्तीचे केले. पुढच्या एप्रिलमध्ये तिमाही बदलत्या वेतनाला हजेरीची टक्केवारी जोडली आणि ६० टक्क्यांहून कमी हजेरीला त्यातला एक रुपयाही मिळणार नाही असे ठरवले. इन्फोसिसने मार्च २०२५ पासून महिन्याला किमान दहा दिवस ऑफिसात यायला सांगितले. जगभरात असेच चालले आहे. ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून आपल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी पाच दिवसांचा नियम आणला.

कंपन्यांची बाजू पोकळ नाही. नव्याने कॉलेजातून आलेला मुलगा शेजारच्या टेबलावरच्या सिनियरकडे पाहूनच शिकतो. चुकलेला कोड, ग्राहकाशी बोलायची रीत, मीटिंगमध्ये केव्हा गप्प बसायचे, या गोष्टी व्हिडिओ कॉलवर शिकता येत नाहीत. एका खोलीच्या फ्लॅटमध्ये तिघांनी राहून काम करणेही सुखाचे नसते, आणि घरातल्या बाईला ‘तू घरीच तर आहेस’ म्हणून दुप्पट राबावे लागते हेही आपण पाहिले. माझा आक्षेप वेगळा आहे. हजेरीला पैशांचे मोल लावणाऱ्या कंपनीने त्या हजेरीसाठी रस्त्यावर गेलेल्या तासांना शून्य मोल दिले आहे. हे दोन्ही एकाच वेळी न्याय्य असू शकत नाही.

कामाच्या तासांचा वाद तर याहून तापलेला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांनी तो आकडा ९० वर नेला. कर्नाटकात जुलै २०२४ मध्ये आयटीतला दिवस १४ तासांपर्यंत वाढवू देण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि कर्मचारी संघटनांनी तो हाणून पाडला. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दुकाने व आस्थापनांतला कामाचा दिवस ९ वरून १० तासांचा आणि कारखान्यांतला १२ तासांपर्यंत करायला मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम राहील, जादा कामाला दुप्पट मोबदला मिळेल, असे आश्वासन त्यासोबत आहे. कागदावर हे ठीक दिसते. पण दहा तासांच्या दिवसाला हिंजवडीत तीन तासांचा प्रवास जोडा. मग झोप, जेवण, मुलाचा अभ्यास आणि आईचे औषधपाणी यांना काय उरते याची बेरीज कुणीही करू शकेल.

ही बेरीज किती जीवघेणी होऊ शकते हे पुण्याने जुलै २०२४ मध्ये पाहिले. एका जागतिक सल्लागार कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात रुजू होऊन काही महिनेच झालेली २६ वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट मुलगी गेली. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. त्यात कामाच्या ओझ्याची, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या कामाची तक्रार होती. कंपनीने ओझ्याचा आणि मृत्यूचा संबंध नाकारला. पण राज्याच्या कामगार खात्याचे अधिकारी तपासणीला गेले तेव्हा आढळले की हे कार्यालय वर्षानुवर्षे दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नोंदणीशिवायच चालू होते. माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट होती आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले. तासांची मर्यादा कायद्यात होतीच. ती पाळली जाते की नाही हे पाहायला कुणी गेलेच नव्हते.

आयटीतला माणूस कायद्याच्या नजरेत नेमका कोण, हेही अजून धूसर आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. नेमणूकपत्र बंधनकारक झाले, आयटीत पगार सात तारखेपर्यंत द्यावा लागेल, ठरावीक मुदतीच्या नोकरीत वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी मिळेल, हे चांगलेच आहे. पण ३०० किंवा अधिक कामगार असतील तर कपातीआधी सरकारची परवानगी घ्यायची ही अट कारखाने, खाणी आणि मळ्यांपुरती आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा पुण्यातल्या ‘नाइट्स’सारख्या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनांना सरकारकडे अर्ज-विनंत्या करण्यापलीकडे फारसा मार्ग नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये टीसीएसने वर्षातले किमान २२५ दिवस ग्राहकाच्या बिलावर असलेच पाहिजेत असा नियम केला. ज्याच्या डोक्यावर बेंचची, म्हणजे ग्राहकाच्या कामाविना बसून राहण्याची, टांगती तलवार आहे तो रस्त्यावरच्या तीन तासांबद्दल मॅनेजरकडे तक्रार करणार नाही. हिंजवडीतली शांतता अशी येते.

प्रवास आणि नोकरी यांचा संबंध कायद्याने कधीच मान्य केला नाही असे मात्र नाही. तो दोन दारांनी मान्य झाला, आणि दोन्ही वेळा कुणाच्या तरी मृत्यूनंतर.

पहिले दार रात्रीचे. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातल्या एका बीपीओत रात्रपाळीला निघालेल्या तरुणीवर कंपनीसाठी चालणाऱ्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या मित्राने अत्याचार केला आणि तिचा खून केला. हिंजवडीपासून फार दूर नसलेल्या गहुंजे परिसरात हे घडले. त्या धक्क्यानंतर कॅबमध्ये रक्षक, शेवटी उतरणारी व्यक्ती बाई नसावी, चालकाची पडताळणी, या गोष्टी रूढ झाल्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री काम करणाऱ्या स्त्रीला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मालकावर आली. म्हणजे रात्री साडेनऊनंतर रस्ता हा कामाच्या जागेचाच भाग ठरतो.

दुसरे दार धाराशिव जिल्ह्यातले. एका साखर कारखान्याचा वॉचमन पहाटे तीनच्या पाळीला दुचाकीवरून निघाला होता. कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात तो गेला. साल २००३. मागे बायको, चार मुले, म्हातारी आई. नुकसानभरपाई आयुक्तांनी भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने २०११ मध्ये नाकारली, कारण अपघात कामाच्या जागेवर झाला नव्हता. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. घर आणि काम यांच्यातल्या प्रवासात झालेला अपघात, वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध जुळत असेल तर, नोकरीच्या ओघातलाच मानायचा. सामाजिक सुरक्षा संहितेतही आता तशी तरतूद आहे. त्या कुटुंबाला न्यायासाठी बावीस वर्षे लागली, पण तत्त्व मान्य झाले. आज कायदा असे म्हणतो की हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकात तुम्ही कामावर जाताना मेलात तर तो कामाचा भाग आहे. जिवंत राहून तिथे दीड तास अडकलात तर तो तुमचा खासगी वेळ आहे. हा विचार अर्ध्यावर थांबलेला आहे आणि तो पुढे न्यायला हवा.

कामाच्या वेळेला सीमा घालण्याचा एक प्रयत्न संसदेत झाला आहे. खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन आणि ईमेलला उत्तर न देण्याच्या हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत २०१८ मध्ये मांडले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा. फ्रान्समध्ये हा हक्क २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. हिंजवडी ज्या मुळशी तालुक्यात आहे तो सुळे यांच्याच मतदारसंघात येतो. खासगी विधेयके क्वचितच मंजूर होतात, तरी बसमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या त्या मुलीसाठी संसदेत निदान एवढा तरी कागद आहे.

आता रस्त्याकडे. हिंजवडी, माण, मारुंजी या ग्रामपंचायती आहेत. आयटी पार्कच्या आतले रस्ते एमआयडीसीकडे, आजूबाजूचे नियोजन २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए), महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, आणि हद्द ओलांडून वाकडला गेले की पिंपरी-चिंचवड महापालिका. २०२५ च्या पावसाळ्यात आयटी पार्कमधले रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. ओढे बुजवून, वळवून इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि तिथे परवानगी देणाऱ्याचा शिक्का एकाचा, गटाराची जबाबदारी दुसऱ्याची अशी वाटणी होती. रहिवासी आणि आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी ऑनलाइन याचिका काढली, हजारोंनी सह्या केल्या. जुलैत मुख्यमंत्र्यांनी बैठका घेतल्या, समन्वयाची जबाबदारी पीएमआरडीएच्या आयुक्तांकडे आली, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार पहाटे सहाला पाहणीला उतरले आणि आयटी पार्क बेंगळुरू-हैदराबादला चालला आहे असे तिथल्या सरपंचांना कॅमेऱ्यासमोरच सुनावले. हिंजवडी इंडस्ट्रीज असोसिएशनने वर्षभर आधीच, २०२४ मध्ये, दशकभरात ३७ कंपन्या निघून गेल्याचे सांगितले होते.

गावे महापालिकेत घ्यावीत ही मागणी जुनी आहे आणि ती मला पटते. एकाच पाण्याच्या लोटाला चार कार्यालये असू शकत नाहीत. मात्र गावकऱ्यांच्या विरोधाला केवळ अडाणीपणा म्हणणाऱ्या पुणेकरांशी मी सहमत नाही. जमिनी आधी एमआयडीसीला गेल्या, मग रस्त्यांना, मग मेट्रोला. रुंदीकरणाची मोजणी गावठाणातून जाते तेव्हा पुन्हा त्याच घरांच्या भिंतींवर खुणा होतात. मालमत्ता कराचा हाती आलेला स्रोतही महापालिकेकडे जाईल ही भीती खरी आहे. योग्य मोबदला आधी, मोजणी नंतर, हा क्रम पाळला असता तर निम्मा विरोध विरला असता.

सगळ्यात कमी चर्चा होते ती पैशांची. आयटी उद्योगाला १९९१ नंतरच्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेत निर्यातीच्या नफ्यावर २०११ पर्यंत आयकर माफ होता, नंतर विशेष आर्थिक क्षेत्रांच्या सवलती आल्या. राज्याने वाढीव एफएसआय दिला, स्वस्त दरात भूखंड दिले. हे देणे त्या काळी चूक नव्हते. त्यातूनच हजारो मराठी घरांतली पहिली पदवीधर पिढी थेट परदेशी ग्राहकाशी बोलू लागली. पण त्या बदल्यात रस्त्यासाठी, बससाठी, पाण्याच्या निचऱ्यासाठी काय द्यायचे हे कधी लिहून घेतले नाही.

कर्मचारी मात्र देतोच. हिंजवडीतल्या कुणाचीही पगाराची पावती पाहा: महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५०० झाले, यापलीकडे राज्यघटना जाऊ देत नाही. हा कर महाराष्ट्राने १९७५ मध्ये आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाची मजुरी शहरातल्या पगारदाराने द्यायची, असा तो करार होता, आणि मला तो या राज्याच्या इतिहासातल्या सर्वांत उदात्त कायद्यांपैकी एक वाटतो. विशिष्ट कामासाठी विशिष्ट कर लावायची सवय आपल्याला आहे. ती विसरण्याचे कारण नाही.

इतरांनी मालकाकडून पैसे घेतले आहेत. फ्रान्समध्ये १९७१ पासून पॅरिसच्या आणि नंतर इतर शहरांच्या मालकांवर पगारबिलाच्या प्रमाणात वाहतूक कर आहे. आज ११ किंवा अधिक माणसे कामाला ठेवणाऱ्याला तो द्यावा लागतो आणि मेट्रो-बस त्यावर मोठ्या प्रमाणात चालतात. लंडनने क्रॉसरेलसाठी एप्रिल २०१० पासून मोठ्या व्यावसायिक जागांवर जादा कर बसवला. सिॲटलने मे २०१८ मध्ये मोठ्या कंपन्यांवर माणशी कर लावला, ॲमेझॉनच्या विरोधापुढे महिन्याभरात मागे घेतला, आणि २०२० मध्ये पगारबिलावरचा कर पुन्हा आणला. म्हणजे हे जमते, माघार घेऊनही जमते.

बेंगळुरूने मागण्याचा मार्ग धरला. इन्फोसिस फाउंडेशनने इलेक्ट्रॉनिक सिटीजवळच्या मेट्रो स्थानकासाठी २०० कोटींचा करार केला, बायोकॉन फाउंडेशनने दुसऱ्या स्थानकासाठी पैसे दिले. ती मार्गिका ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. हे कौतुकाचे आहे, पण दान आहे. त्याच शहरात पुढच्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी विप्रोच्या सर्जापूर कॅम्पसमधून वाहने जाऊ देण्याची विनंती केली. अझीम प्रेमजींनी ती नम्रपणे नाकारली, उपायांच्या अभ्यासाचा बराच खर्च उचलायची तयारी मात्र दाखवली. याच सुमारास ब्लॅकबक या कंपनीने खड्डे आणि प्रवासाला लागणारा वेळ यांना कंटाळून आउटर रिंग रोडवरचे ऑफिस सोडायचे ठरवले. मालकाच्या सद्भावनेवर शहर चालत नाही. हिंजवडीला लागणारा पैसा नियमाने, प्रत्येक कंपनीच्या पगारबिलाच्या प्रमाणात यायला हवा, आणि तो फक्त त्या भागातल्या वाहतुकीवर खर्च व्हायला हवा. जी कंपनी घरून काम करू देते किंवा स्वतःच्या बस चालवते, तिला सूट द्यावी. मग माणसांना पाच दिवस बोलवायचे की तीन, हे प्रत्येक कंपनी स्वतःचा खर्च पाहून ठरवेल.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याने जागतिक क्षमता केंद्रांचे, म्हणजे परदेशी कंपन्यांच्या इथल्या स्वतःच्या कार्यालयांचे, धोरण मंजूर केले. ४०० नवी केंद्रे आणि चार लाख नोकऱ्या हे त्याचे उद्दिष्ट आहे. यातला मोठा वाटा पुण्याकडे येणार हे उघड आहे. त्या केंद्रांना जागा देतानाच्या करारात वाहतुकीचा वाटा लिहून घेण्याची वेळ हीच आहे. नंतर मागायला गेलो तर पुन्हा पत्रे आणि नम्र नकार.

आता सगळ्यांचा भरवसा माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोवर आहे. २३ किलोमीटरहून थोडी जास्त लांबी, २३ स्थानके, टाटा-सीमेन्स यांच्याशी पीएमआरडीएची भागीदारी. डिसेंबर २०१८ मध्ये पंतप्रधानांनी भूमिपूजन केले. २०२० मध्ये विद्यापीठ चौकातला पूल पाडला गेला आणि औंध-बाणेरच्या लोकांनी पुढची वर्षे ते बांधकाम सोसले. मार्च २०२५ ची मुदत उलटून गेली, पुढच्या तारखाही सरकल्या. मेट्रो हे या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर आहे याबद्दल मला शंका नाही. पण मार्गावरच्या इन्फोसिस फेज दोन, विप्रो फेज दोन या स्थानकांपासून त्याच कंपन्यांच्या फाटकापर्यंतचा पदपथ कोण बांधणार, पावसाळ्यात त्यावर पाणी साचले तर कुणाला फोन करायचा, फाटक स्थानकाच्या बाजूला उघडणार की चौकाला वळसा घालून जावे लागणार, आणि पिरंगुट-नेरेकडून येणाऱ्यांना स्थानकापर्यंत आणणाऱ्या पीएमपीच्या बस किती मिनिटांनी असतील, हे एमआयडीसी, पीएमआरडीए, ग्रामपंचायत आणि कंपन्या यांनी एका कागदावर सह्या करून आजच जाहीर करायला हवे.